सोमवारची चिठ्ठी

फुली मारलेली चिठ्ठी तिने डाव्या मुठीत दाबली आणि उजव्या हाताने अकरा कोऱ्या चिठ्ठ्या डब्यात टाकल्या. झाकण लावताना ते दोनदा हातातून निसटलं.

"काय वहिनी, आज झाकणाशी भांडण झालं का?" रेडिओने विचारलं. बुटांचे तळवे कापणाऱ्या या माणसाचं तोंड त्याच्या यंत्रापेक्षा जास्त चालायचं, म्हणून हे नाव.

"तुझी बडबड ऐकून घाबरलं असेल ते," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखा निघाला याचं तिलाच नवल वाटलं.

बुटांचा हा कारखाना अकरा जणांचा होता. मालक रातोरात पसार झाला, तेव्हा उरलेल्या अकरा जणांनी तो स्वतःच चालवायला घेतला. त्याला आता आठ वर्षं झाली होती. इथे कोणी साहेब नव्हता, कोणी नोकर नव्हता. सगळ्यांचा वाटा सारखा. घोडं अडायचं ते फक्त सोल्यूशनच्या खोलीपाशी. तळवे चिकटवायच्या त्या सोल्यूशनचा वास नाकातून थेट डोक्यात जायचा, आणि खिडकी उघडावी तर धूळ बसून जोड सुटायचे. तिथे जायचं कोणी?

मास्तरांनी तोडगा काढला होता. मास्तर म्हणजे कारखान्यातले सगळ्यात जुने कारागीर. दर सोमवारी सकाळी अकरा चिठ्ठ्या, एकीवर फुली. आपली चिठ्ठी कोणी कोणाला दाखवायची नाही. फुली निघेल त्याने नुसतं "माझी" म्हणायचं आणि आठवडाभर खोलीत जायचं. चिठ्ठ्या लगेच चहाच्या शेगडीत. ज्यांच्या शब्दावर भरवसा नाही त्यांच्यासोबत कारखाना कशाला चालवायचा, असं मास्तरांचं म्हणणं.

पद्धत झकास होती. फक्त गेल्या नऊ सोमवारांत सहा वेळा खोली तिच्या नवऱ्याच्या वाट्याला आली होती.

सुरुवात तर गमतीतच झाली. एका सोमवारी सगळ्यांनी चिठ्ठ्या उघडल्या आणि कोणीच बोलेना. मास्तरांचा चेहरा पार उतरला. मग तिचा नवरा कपाळावर हात मारून म्हणाला, "अरे, माझीच की! आता चष्मा घ्यायलाच हवा." सगळे पोट धरून हसले. तेव्हापासून ती फुली जी हात धुऊन त्याच्या मागे लागली, ती लागलीच. हिने डबा जोरजोरात हलवून पाहिला, कागद बदलून पाहिला, काही उपयोग झाला नाही. लोक मात्र चांगले होते. चहाचा पहिला कप हल्ली त्याच्याच हातात यायचा, आणि रेडिओसुद्धा त्याच्यासमोर आवाज खाली आणायचा.

परवा डॉक्टरीणबाईंनी त्याच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. "आणखी एक आठवडा त्या वासात काढलात तर पुढचं माझ्या हातात नाही," त्या म्हणाल्या. घरी येताना तो जिन्यात तीनदा बसला.

"मी मास्तरांना सांगते," ती म्हणाली. "आजाऱ्याला सूट आहेच की."

"खबरदार!" त्याला धाप लागली. "मला सूट मिळाली, की पुढच्या सोमवारी प्रत्येकाचं काही ना काही दुखायला लागेल. मग कसली चिठ्ठी न् कसला कारखाना. मालक आठवतो ना? शपथ घे, नाही सांगणार म्हणून."

"अहो, पण..."

"घे."

तिने घेतली. ती मोडायचीही नव्हती. पण नवरा डोळ्यांदेखत संपताना बघत बसायचं, हेही तिला जमणार नव्हतं. चिठ्ठ्या तीच करायची आणि शेवटची चिठ्ठीही तिचीच असायची. या आठवड्यात "माझी" ती म्हणणार होती. बस्स, एवढंच.

आज नेमकी एक पाहुणी आली होती. एका शिवणकारखान्यातल्या बायका मिळून स्वतःचा कारखाना काढणार होत्या, त्यांच्यातली ती एक. वही उघडून उभी होती.

"आणि कोणी लबाडी केली तर?" तिने मास्तरांना विचारलं.

"आठ वर्षांत एकदाही नाही. हवं तर मोजा."

पाहुणीने झाकण काढलं. एकेक चिठ्ठी बोटाने बाजूला सारत मोजली. शिलाईच्या यंत्राजवळ उभ्या असलेल्या हिने डावी मूठ पाठीमागे नेली.

"अकरा," पाहुणी म्हणाली. "सगळ्या उघडून बघू का?"

आता सगळ्यांदेखत हिची शोभा होणार, आणि नवरा खोलीत जाणार तो जाणारच.

"तेवढं नको," मास्तर म्हणाले. "इथे कोणी उघडून बघत नाही."

डबा फिरला. एकेकाने चिठ्ठी उचलली. नवऱ्याने उचलली तेव्हा त्याला खोकल्याची उबळ आली, आणि सगळे दुसरीकडे बघू लागले. शेवटी तिने डब्याच्या तळाची चिठ्ठी घेतली. फुलीची चिठ्ठी अजून डाव्या मुठीतच होती.

"उघडा," मास्तर म्हणाले.

आता घाई नव्हती. फुली तिच्याकडेच होती, दुसरं कोणी बोलणं शक्यच नव्हतं. उगाच संशय नको म्हणून तिने मनात तीनपर्यंत मोजायचं ठरवलं. एक. दोन.

नवऱ्याने आपली चिठ्ठी डोळ्यांपासून लांब धरून पाहिली, चुरगळली आणि शेगडीत टाकली.

"माझी," तो म्हणाला आणि खुंटीवरचा एप्रन काढू लागला.

"बघा," मास्तर पाहुणीकडे वळले, "आणि लोक म्हणतात, हे असलं चालत नाही."