काळी केलेली ओळ

दुकानदार त्सुचियाने मखमली ट्रेवर दोन्ही कॅमेरे शेजारी शेजारी मांडले, पण ओगिनोसाननी एकालाही हात लावला नाही. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक पाकीट काढलं आणि ट्रेच्या कडेला ठेवलं.

"आधी हे काम," ते म्हणाले. "मग कुठला घ्यायचा ते ठरवू."

कॅमेरे एकाच जर्मन कारखान्याचे. डिजिटल खरे, पण खिडकीत दिसणाऱ्या दोन प्रतिमा हाताने एकमेकींवर बसवून फोकस करायचा, अशा जुन्या वळणाचे. त्यातला थोरला म्हणजे हट्टी म्हातारा. डोळ्यांना न दिसणारा प्रकाशही त्याला दिसतो. त्यामुळे साधा काळा कोट त्याच्या फोटोत जांभळा येतो. लोकांनी त्याला यावरून नावं ठेवली. धाकट्याची ही खोड कारखान्याने काढून टाकली.

पण झाडांचे फोटो काढणारी काही वेडी मंडळी आता थोरल्याच्याच मागे असतात. पुढे गडद लाल फिल्टर लावला की त्यात पानं बर्फासारखी पांढरी येतात. ओगिनोसानांची मुलगी सायोको त्यांतलीच. रविवारी तिला चाळीस पूर्ण होणार होती. या दोनपैकी कुठलाही आणा, थोरला मिळाला तर उत्तमच, पण त्यासाठी वणवण करू नका, असं तिने बजावलं होतं.

त्सुचियाने पाकिटातला कागद सरळ केला. पेन्सिलने लिहिलेल्या चार ओळी. तिसरी या टोकापासून त्या टोकापर्यंत मार्करने काळी केलेली. ओगिनोसानांची बायको मासाए वसंतात गेली. तिने इस्पितळात लिहिलेलं हे पत्र दुसऱ्या दिवशी नर्सने त्यांच्या हातात दिलं. तेव्हापासून ते घरच्या देव्हाऱ्यात, तिच्या फोटोपुढे होतं. सायोको रोज कामावर जाताना येऊन उदबत्ती लावायची आणि ते हातात घ्यायची. आज ते तिला न सांगता बाहेर आलं होतं.

थोरल्या कॅमेऱ्याला मार्करखालची पेन्सिल दिसते, असं ओगिनोसाननी एका मासिकात वाचलं होतं. त्सुचियानेही ते ऐकलं होतं. पण मेलेल्या माणसाने झाकलेलं उघडायचं, हे त्याला मनापासून आवडलं नाही. लहानपणी आईची पत्रं चोरून वाचल्याबद्दल त्याने मार खाल्ला होता. आता या म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला कोण मारणार?

"राहू द्या ना," तो म्हणाला. "माणूस कधी भरात लिहितो, मग नको वाटतं."

"वाचता येतं का, एवढंच बघायचंय."

"आणि आलं, तर?"

ओगिनोसाननी दाराकडे वळून पाहिलं, कुणी येत नाही ना. या माणसाला भीती वाटतेय, हे त्सुचियाला कळलं. बायकोने शेवटी दुसऱ्या कुणाचं नाव लिहिलं असेल तर?

त्याने हातमोजे चढवले. आधी धाकट्यावर फिल्टर लावून दिव्याखाली फोटो काढला. पडद्यावर ओळ जशीच्या तशी, काळीकुट्ट. ओगिनोसाननी वाकून पाहिलं, बराच वेळ.

मग तोच फिल्टर लावून थोरला. आवाज खाडकन झाला. पडद्यावर मार्करची जागा पांढुरकी झाली होती आणि तिच्यात पेन्सिलची अक्षरं होती.

"तुम्हीच वाचा," ओगिनोसान म्हणाले. "मला धीर होत नाही."

त्सुचियाने ओळ मोठी करून वाचली. पुन्हा वाचली. तीस वर्षं गिऱ्हाइकांशी गोड बोलण्यात गेली होती, तरी बोलण्याआधी त्याने पडदा स्वतःकडे वळवून घेतला.

"लोणच्याचं लिहिलंय," तो म्हणाला. "मुळ्याची बरणी खालच्या फडताळात आहे, ती वाया घालवू नका. एवढंच. नंतर त्यांना वाटलं असेल, पत्रात असलं काय लिहायचं."

बोलता बोलता त्याने अंगठ्याने तो फोटो पुसून टाकला.

ओगिनोसान त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी मान खाली घालून नमस्कार केला, गिऱ्हाइकाने दुकानदाराला करावा त्याहून बराच खाली. पत्राची घडी करून ते खिशात ठेवलं.

"धाकटा द्या," ते म्हणाले. "वाढदिवसाचा कागद लावून."

त्सुचिया गोंधळला. मुलीला थोरलाच बरा, झाडांसाठी हा काही कामाचा नाही, असं त्याने दोनदा सांगून पाहिलं. हवा तर थोरला त्याच किमतीत देतो म्हणाला.

"नको. लाल फिल्टर तिच्याकडे आहेच, आणि घरात ती दिसेल त्याचे फोटो काढते." ओगिनोसाननी थोरला कॅमेरा दोन बोटांनी त्याच्याकडे सरकवला. "तुम्ही चांगले आहात, त्सुचियासान. पण ती ओळ मासाएने नाही, मीच काळी केली. सायोको माझी मुलगी नाही, हे तिला कळायला नको."