आधी डावा

व्याजानं पैसे देणाऱ्या मालकाकडे तो वसुलीला होता. ऑफिसात सगळे त्याला भाऊ म्हणायचे. कर्जदार काय म्हणायचे ते इथे लिहिता येणार नाही. टार्गेट पूर्ण केलंस तर दोन पगार बोनस, असं मालकानं सगळ्यांसमोर कबूल केलं होतं. टार्गेट पूर्ण झालं, बोनस मात्र आला नाही.

भाऊ पुन्हा विचारायला गेला तेव्हा मालक म्हणाला, "अरे, तू तर घरचा माणूस. घरच्यांत कुठे हिशेब असतो का?"

भाऊनं केबिनला आतून कडी घातली, मालकाचा डावा हात टेबलावर दाबून धरला आणि हातोडीनं मोडला. आधी डावाच मोडायचा ही त्याची कामाची पद्धत. उजवा सहीला लागतो.

"करा सही," चेकबुक पुढे सरकवत तो म्हणाला.

मालक कण्हता कण्हता हसला. "मी डावखुरा आहे, गाढवा!"

भाऊ हातोडीकडे बघत राहिला.

"म्हणूनच अडवला तुझा बोनस. आधी चौकशी नाही, काही नाही, थेट हाणामारी! वसुलीला गेलास तेव्हा त्या डावखुऱ्या शिंप्याचंही हेच केलंस. त्याला अजून सही करता येत नाही."

भाऊला ते अगदी मनापासून पटलं.

"चूक झाली, मालक," तो म्हणाला. "पण बोनस कापायचं कारण वेळेवर सांगायला हवं होतं. तो कामगाराचा हक्क असतो."

आणि त्यानं मालकाचा उजवा हात टेबलावर घेतला.