भावाला अग्नी

गजराबाईच्या पाठीला भाऊ नव्हता. म्हणून बेंबळीच्या शिवारात, बांधावरल्या वारुळातला नागच तिनं भाऊ मानला होता. दर पंचमीला त्याच्याच नावानं ती उपास धरायची.

पौषातल्या त्या सकाळी गारठा असा, की बैलंही जागची उठंनात. नाग वारुळाच्या तोंडाशी वेटोळं करून पडला होता. तिच्या नवऱ्यानं, रामकिसननं, काठीनं हलवून बघितलं. अंग गार पडलेलं, हालचाल काहीच नाही.

"गेलाय गं," तो म्हणाला. "पुरून टाकतो."

"नागाला अग्नी द्यायचा असतो. आन् भाऊ माझा हाय, त्यो म्याच देणार."

तिनं तुराट्या रचल्या. वेटोळं दोन्ही हातांनी उचलून वर ठेवलं, तोंडाला तुपाचं बोट लावलं. पदरानं डोळे पुसले आणि काडी ओढली. वाळल्या तुराट्यांनी चारी बाजूंनी एकदमच पेट घेतला.

ऊब लागली, तसं थंडीनं आखडलेलं वेटोळं हळूहळू सैल झालं, आणि तिच्या भावानं फणा वर काढला.