गच्चीवरचा उजेड

घर विकायला काढलं, म्हणून नातू गंधार मांजर्लीत ड्रोन उडवून घराचा व्हिडिओ काढत होता. सुनेत्राबाई अंगणात उभ्या राहून त्याच्या हातातल्या रिमोटचा पडदा पाहत होत्या.

"आजी, गच्ची आली की चित्र काळवंडतं. ऑटोवर आहे ना, लखलखीत काही दिसलं की कॅमेरा आपणच उजेड कमी करतो. गिऱ्हाईक म्हणेल, घर अंधारं आहे."

"गच्ची तर रिकामी आहे रे."

पुराच्या रात्री त्यांचे यजमान पेट्रोमॅक्स घेऊन त्या गच्चीवर चढले होते. "मी उतरेपर्यंत घर सोडू नकोस," म्हणाले. पुन्हा दिसले नाहीत.

"मॅन्युअल करतो. आता असेल तसं दिसेल."

पडद्यावर, भर दुपारी, कठड्यापाशी पेट्रोमॅक्स जळत होता. तो जिन्याकडे वळला. सावकाश अंगणात उतरला.

सुनेत्राबाईंच्या मानेला धग लागली.