पिल्गूची गाठ

“भावजी, जरा दमानं. या गुडघ्यांना अजून सोलपर्यंत जायचंय,” ओक्बुन मागून म्हणाली.

पिल्गू थांबला. येत्या मंगळवारी ओक्बुन गाव सोडून सोलला मुलाकडे कायमची राहायला जाणार होती. जाण्याआधी एकदा लाल झालेले मेपल बघायचे आणि नवरा दोक्मान जिथे गेला तिथे त्याच्या नावाने दोन घोट तांदळाची दारू ओतायची, एवढीच तिची इच्छा. पिल्गूच्या मनात वेगळंच होतं. तीन वर्षं जिभेवर येऊन परत जाणारी गोष्ट त्याला आज तिला सांगून टाकायची होती. आज नाही तर कधीच नाही.

डोंगर नुसता पेटला होता. शहरातून बस भरभरून लोक आले होते. अर्ध्या तासाच्या चढाला हिमशिखरावर निघाल्यासारखे कपडे, आणि सगळ्यांची नजर फांद्यांवर. पानांवर कमी, फितींवर जास्त. इथे डोंगर चढणाऱ्यांचं प्रत्येक मंडळ वाटेवरच्या फांद्यांना आपल्या नावाची रंगीत फीत बांधत जातं आणि मागचे लोक त्या बघत चालतात. स्वतःच्या डोळ्यांवर नसेल एवढा विश्वास माणसं चार बोटं कापडावर ठेवतात.

गावातल्या मंडळाची फीत पिवळी, आणि ती बांधायचं काम वीस वर्षं पिल्गूकडे. त्याची गाठ वादळालाही सुटायची नाही. ‘एक वेळ लग्न मोडेल, पण पिल्गूची गाठ नाही,’ अशी थट्टा चालायची. लग्न खरंच मोडलं, तेव्हा ती बंद झाली.

बायकोचं तरी काय चुकलं? ओक्बुनचा नवरा गेल्यापासून पिल्गू तिच्याच घरची कामं करत होता. “तिचं छप्पर, तिचं सरपण, तिचा कोबी! घरचं दार मोडलंय ते दिसत नाही. तिथेच जाऊन राहा ना एकदाचे!” असं म्हणून ती बुसानला लेकीकडे गेली. गेल्या वसंतात घटस्फोटाच्या कागदांवर शिक्केही बसले. खरं कारण पिल्गू तिला सांगू शकला नव्हता. जे ओक्बुनला सांगितलं नाही, ते बायकोला कोणत्या तोंडाने सांगणार?

वाट फुटते तिथल्या खडकावर दोघं बसली. डावीकडे वर मेपलचं खोरं, उजवीकडे घळ. ओक्बुनने जेवणाचं गाठोडं सोडलं. विटक्या पिवळ्या पट्ट्या जोडून केलेल्या दोरीने ते बांधलेलं होतं. चिंधीसुद्धा टाकून द्यायची नाही, हा तिचा स्वभाव. समुद्री शेवाळात गुंडाळलेल्या भाताची एक चकती तिने त्याच्या हातावर ठेवली.

“ते असते तर यात अळंबी असती,” ती म्हणाली. “पानं लाल झाली की टोपली भरून आणायचे. कुठून, ते गावात कुणाला सांगितलं नाही.”

“मलाही नाही. दोक्मानदादा त्या बाबतीत पक्का कंजूष.”

दोघं हसली. पिल्गूने चकती न खाताच खडकावर ठेवली.

“वहिनी, मला काही सांगायचंय.”

“सांगा की.”

“दादाला मी मारलं.”

तिने स्वतःसाठी एक चकती उचलली. मग त्याने मान खाली घालून सगळं ओकून टाकलं. तीन वर्षांपूर्वीचा तो शनिवार. दुसऱ्या दिवशी शहरातलं मंडळ येणार होतं. आपलं खोरं त्यांनी तुडवू नये म्हणून त्याने या फाट्यावरच्या डावीकडच्या तीन फिती काढल्या आणि उजवीकडे, घळीच्या बाजूला बांधल्या. तासभर भटकतील, कंटाळून परत जातील, एवढाच खोडसाळपणा. रविवारी पहाटे धुकं उतरलं आणि दोक्मान एकटाच सगळ्यांच्या पुढे निघाला. मंगळवारी तो घळीच्या तळाशी सापडला.

“मी धावत आलो तेव्हा फिती नव्हत्या. वाऱ्याने फाडून नेल्या असतील. आणि मला काय वाटलं, माहितेय? बरं झालं, कुणाला कळणार नाही. त्याचीच लाज जास्त वाटते, वहिनी. तुम्ही पोलिसांकडे चला म्हणालात तर आत्ता येतो.”

ओक्बुनने घास नीट चावून गिळला. मग गाठोड्याची ती पिवळी दोरी उचलून तिने त्याच्या मांडीवर ठेवली. तीन फितींचे तुकडे होते. प्रत्येकावर मंडळाचं पुसट नाव, आणि प्रत्येकाच्या टोकाला एकेक घट्ट, न सुटलेली गाठ. फीत गाठीशेजारी चाकूने कापली होती.

पिल्गूने आपली गाठ ओळखली.

“सुटेनात, म्हणून कापल्या त्यांनी,” ओक्बुन म्हणाली. “शनिवारीच, दिवस मावळताना. घरी येऊन तुम्हाला शिव्या घातल्या, गाढव कुणाचा तरी जीव घेईल म्हणाले. रविवारी इथे एकही फीत नव्हती, भावजी. ते अळंबीला उतरले होते घळीत. दरवर्षी उतरायचे तसे.”

पिल्गूला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो ताडकन उठून उभा राहिला.

“तुम्हाला माहीत होतं? मी काय समजून बसलोय ते?”

“त्यांचे दिवस झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तांदळाचं पोतं खांद्यावर घेऊन आलात. मान वर करेनात. तेव्हाच ओळखलं.”

“मग एका शब्दाने सांगायचं होतं! माझं घर गेलं, वहिनी. बायको गेली!”

ओक्बुनने बाटलीतली दारू घळीच्या तोंडाशी सावकाश ओतली, झाकण लावलं आणि रिकामी बाटली गाठोड्यात ठेवली.

“सांगितलं असतं,” ती म्हणाली, “तर दुसरं पोतं आलं असतं का?”