सात कार्नेशन

पडदा उघडायला सात मिनिटं होती आणि ओदील विंगेत खुर्ची टाकून निवांत बसली होती, जणू नाटक दुसऱ्याच कोणाचं आहे.

"सकाळी म्हाताऱ्याच्या थडग्यावर जाऊन आले," ती म्हणाली. "फुलं ठेवली. कोणती, ओळख बघू."

"कोणता म्हातारा?" आन्सेल्मने विचारलं. पडद्याआधी तीन ठोके द्यायचा दांडका त्याच्या हातात होता.

"आपला संचालक रे! कार्नेशन ठेवली. मोजून सात. फिटंफाट झाली."

ती खुशीत हसली. रविवार दुपारचा खेळ, बाहेर सगळं नान्त शहर लोटलेलं. एकतीस वर्षांनी ती या थिएटरात एका खेळापुरती आली होती, त्याच जुन्या विनोदी प्रेमनाटकात. तेव्हा नायिका होती, आता नायिकेची खाष्ट आत्या.

नाटकवाल्यांत कार्नेशन कोणी कोणाला देत नाही. हंगाम संपला, की संचालक ज्या नटीला ठेवून घ्यायचा तिला गुलाब पाठवायचा आणि जिला नारळ द्यायचा तिला कार्नेशन. तोंडाने कोणी काही बोलत नसे.

"त्या हंगामाच्या शेवटी माझ्या खोलीत शिरले तर आरशापुढे सात कार्नेशन," ओदील म्हणाली. "चिठ्ठी नाही, चपाटी नाही. मी काय त्याचे पाय धरायला जाणार होते? पेटी भरली आणि ब्रुसेल्सची गाडी धरली."

"तिकडे बरं झालं ना, मादाम?"

"झालं की! दोन नवरे आणि एक दमा." ती थांबली. "पण मला जायचं नव्हतं रे. इथे सुतारकामाला एक पोरगा होता. माझी तालीम सुरू झाली की त्याची हातोडी बंद. मी वाट बघत होते, हा कधी बोलतोय. तोंडात काय खिळे धरले होतेस का रे?"

"धरलेलेच असायचे," आन्सेल्म म्हणाला.

त्याला हसता आलं नाही. तेव्हा तो जहाजगोदी सोडून नुकताच थिएटरात आला होता. इथल्या रीती त्याला कुठल्या ठाऊक? गुलाब दोन दिवसांत मान टाकतो, ही आठवडाभर टिकतील, असं बाजारातली फुलवाली म्हणाली. नाव लिहायचं धाडस मात्र झालं नाही. तिसऱ्या दिवशी कपडेवालीने त्या फुलांचा अर्थ सांगितला, तोवर ओदील गेली होती. संचालक महिनाभर तिच्या नावाने खडे फोडत होता आणि आन्सेल्म खाली मान घालून फळ्या तासत होता. ब्रुसेल्सची गाडी तर रोज सुटत होती. आधी लाज वाटली, मग लाजेचीच सवय झाली. आयुष्यात याहून मोठी चूक त्याने केली नव्हती.

आणि आता त्या बिचाऱ्या मेलेल्या माणसाच्या उशाशी सात कार्नेशन.

"मादाम, ती फुलं त्यांनी पाठवली नव्हती."

"मग कोणी?"

आन्सेल्मने दांडक्याची मूठ स्वतःच्या छातीला टेकवली. तिला हसू फुटलं आणि अर्ध्यावरच विरलं.

"अरे वेड्या," ती हळूच म्हणाली, "आपल्या या नाटकातसुद्धा चुकीच्या हाती पडलेल्या पत्राचा खुलासा शेवटच्या अंकात कोणीतरी येऊन करतं."

"इथे तो सांगणारा मीच होतो. आलोच नाही."

पडद्याच्या खुणेचा हिरवा दिवा लागला. ओदील उठली, पांढरा टोप नीट केला, झग्याच्या बाहीतून रुमाल काढला आणि डोळ्यांखालचा रंग जपून टिपला.

"उचल दांडका. लोक हसायला आलेत." दोन पावलं जाऊन ती वळली. "उद्या दहाला माझी गाडी आहे. त्याआधी थडग्यावरची ती सात फुलं उचलून मला आणून दे."

"कार्नेशन, मादाम?"

"माझीच आहेत ती."

ती रंगमंचावरच्या खुर्चीत जाऊन बसली. आन्सेल्मने तीन ठोके दिले. तिसरा जरा उशिरा पडला.