जागा कुणी खाल्ली

प्रिंटचं बटण तिसऱ्यांदा दाबलं, तरी कागद हलला नाही. पडद्यावर पुन्हा तीच पाटी आली : डिस्कवर जागा शिल्लक नाही.

ग्रामपंचायतीची ऑपरेटर शिवकन्या हिनं घड्याळ पाहिलं. समोरच्या बाकावर बायनाबाई पदर सावरून बसली होती. आधार कार्डावर तिचं वय पंधरा वर्षांनी कमी पडलं होतं. सोनपेठला दुरुस्तीचा कॅम्प होता, त्याचा आज शेवटचा दिवस. फाट्यावरून एसटी दीडला निघायची आणि जन्माचा दाखला या कॉम्प्युटरात अडकलेला.

"उडव ना ते जुन्या रजिस्टरचं भंगार," उपसरपंच भागवतराव खुर्चीत रेलून म्हणाले. "कोण बघायलंय आता ते?"

शिवकन्याचा माउसवरचा हात थांबला. गावाची जुनी जन्म-मृत्यूची रजिस्टरं वाळवीनं संपवली होती. त्याआधी तिनंच एकेक पान स्कॅन करून ठेवलं, म्हणून ती उरली. बायनाबाईची नोंदही त्यातच होती.

"आधी बघू तर, जागा कुणी खाल्ली ते," ती म्हणाली. "अंदाजानं काई उडवायचं न्हाई."

एकेका फोल्डरवर उजवं बटण दाबून ती आकार बघत गेली. घरपट्टी, ठराव, ग्रामसभेचे फोटो. सगळं किरकोळ. जुनी रजिस्टरं, साठ वर्षांची : दोन जीबी. अगदी खाली 'नवीन फोल्डर' म्हणून एक होता. त्यावर आकडा वाढतच गेला आणि दोनशे बारा जीबीवर थांबला.

तिनं तो उघडून आतला पहिला व्हिडिओ लावला. खोलीत एकदम ढोल वाजायला लागले. जेसीबीतून फुलं पडत होती, वर ड्रोन फिरत होता, आणि मधोमध फेटा बांधलेले भागवतराव तलवारीनं केक कापत होते. तीन वर्षांचे तीन वाढदिवस.

भागवतराव सरळ बसले. "ते... शूटिंगवाल्या पप्पूनं टाकलं असंल. घरच्या कॉम्प्युटरात बसंना म्हणून."

शिवकन्यानं आवाज बंद केला.

"दादा, अख्ख्या गावाचे साठ वर्षांचे जन्म-मृत्यू दोन जीबीत बसलेत. तुमच्या तीन वाढदिवसांना दोनशे बारा लागले. काय उडवू, तुमीच सांगा."

भागवतरावांनी बाकावरच्या बायनाबाईकडं एकदा पाहिलं. मग खिशातून फोन काढला. "पप्पू, वाढदिवसाची शूटिंग तुज्याकडं हाय का?... सगळी?... बरं." फोन ठेवून ते खिडकीकडं बघत म्हणाले, "उडव."

कचरापेटीतही राहणार नाही, असा तिनं तो फोल्डर पुसला. प्रिंटर गुरगुरला. शेजारच्या खोलीतून ग्रामसेवकाची सही घेऊन तिनं दाखला बायनाबाईच्या हातात दिला आणि बोट ठेवून वाचला.

"हे बघा काकू. मुलगी. वडिलांचं नाव बन्सीधर. जन्म, नऊ फेब्रुवारी एकोणीसशे अठ्ठावन्न."

"नऊ फेब्रुवारी," बायनाबाई पुटपुटली. कागदाची घडी न घालता तो तसाच दोन्ही हातांत धरून ती दारापर्यंत गेली आणि वळली.

"भागवता, म्हंजी मला बी वाढदिवस हाय की रं!"